श्रावणात रंधा मारू नका: नागपूरच्या उन्हापावसातलं लाकडी मुख्य दार

मानेवाड्याला घर बांधलं त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुख्य दार अडकायला लागलं. खांदा लावल्याशिवाय उघडेना, आणि उघडलं की अख्खा हॉल दणाणायचा. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी पल्ल्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, वरच्या बिजागरीकडे पाहिलं, आणि रंधा काही पिशवीतून काढला नाही. "आता रंधा मारसान, तं उन्हाळ्यात फटीतून पाल येईन, भाऊ." मला वाटलं, काका काम टाळताहेत. दुसऱ्या एकाला बोलावून कुलपाकडची कड तासून घेतली. पुढच्या मे महिन्यात कुलपाची जीभ चौकटीत जेमतेम टेकायला लागली. वावटळ आली की बंद केलेलं दार आपोआप उघडायचं. आणि पाल खरंच आली.

तेव्हापासून स्वतःच्या, भावाच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून बऱ्याच दारांच्या मागे फिरलो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आपल्याकडे दाराचं काम कोणत्या मिस्त्रीनं केलं याच्याइतकंच ते कोणत्या महिन्यात केलं, यालाही महत्त्व आहे. म्हणून खाली पायऱ्यांबरोबर महिनेही सांगितलेत.

लाकूड हलतं म्हणजे किती हलतं

मे महिन्यात नागपूरची दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. जुलै-ऑगस्टमध्ये तोच टॉवेल दोन दिवस वाळत नाही. लाकूडही असंच वागतं, फक्त सावकाश. उघड्यावरच्या सागाच्या दारातलं पाण्याचं प्रमाण उन्हाळ्यात 6 टक्क्यांच्या आसपास उतरतं आणि पावसाळ्यात 14 टक्क्यांच्या आसपास चढतं, असं धरून चाला. पाण्यात एका टक्क्याचा फरक पडला की साग रुंदीत साधारण 0.2 टक्के हलतो. लांबीत मात्र जवळजवळ हलतच नाही.

हे गणित दारावर करून पाहा. एक मीटर रुंदीचं दार नुसत्या उभ्या फळ्या जोडून केलं असेल, तर मे ते ऑगस्ट त्याची रुंदी 16 मिलीमीटरपर्यंत वाढू शकते. तेच दार उभ्या-आडव्या पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यात पॅनेल अशा पद्धतीचं असेल, तर रुंदी फक्त दोन उभ्या पट्ट्यांमुळे बदलते. त्या पाच-पाच इंचांच्या असतात, म्हणजे मिळून 250 मिलीमीटर. फरक पडतो 4 मिलीमीटरचा. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांची दारं पॅनेलची का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. नक्षी हे उरलेलं अर्धं.

कूलरचाही इथे संबंध येतो. एप्रिल-मेमध्ये हॉलमध्ये कूलर चोवीस तास चालतो, त्यामुळे दाराच्या आतल्या अंगाला दमट हवा आणि बाहेरच्या अंगाला भट्टी. आतली बाजू फुगते, बाहेरची आकसते, आणि फळी आतल्या बाजूला पोट काढते. कूलरचा झोत थेट दारावर येत असेल तर त्याचं तोंड फिरवा. पॉलिशवर पैसे घालवण्याआधीचा हा फुकटचा उपाय.

ऊन कुठलं वाईट? 26 मेच्या आसपास नागपुरात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. नवतपाही, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, त्याच सुमारास. पण डोक्यावरचा सूर्य दाराला फारसं काही करत नाही, छज्जा त्याला अडवतो. दार मारतं ते तीन ते सहाचं तिरपं ऊन. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दाराचं पॉलिश पूर्वेच्या दारापेक्षा निम्म्या काळात जातं, हे मी एकाच गल्लीत समोरासमोरच्या घरांवर पाहिलंय. उत्तरेकडच्या दारांनाही उन्हाळ्यात संध्याकाळी ऊन लागतं, कारण त्या दिवसांत सूर्य वायव्येकडे कलून मावळतो. घर बांधायचं असेल तर आर्किटेक्टकडून दारावर किमान तीन फुटांचा छज्जा किंवा पोर्च मागून घ्या. त्याच्याइतकं चांगलं पॉलिश कुठल्याच डब्यात मिळत नाही.

लाकूड घेताना

लकडगंजमध्ये लाकडाच्या कुठल्याही टालावर जा, माल "बल्लारशाचाच" असतो. 2023 साली नव्या संसद भवनाला नागपूरचं सागवान गेलं, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना बल्लारशाचं गेलं, तेव्हापासून तर विचारायलाच नको. चंद्रपूर-गडचिरोलीचा, आलापल्लीकडचा साग उत्तम असतो, यात वाद नाही. पण टालावर उभी असलेली प्रत्येक पाटी, म्हणजे लाकडाची जाड फळी, तिथली नसते. आफ्रिकेतून आलेला लागवडीचा सागही तिथेच रचलेला असतो. तो वाईट नाही, पण लवकर वाढलेला आणि बहुधा हलका असतो, त्याला त्याच्या भावानेच घ्यावं. पक्कं बिल आणि वाहतूक परवान्याची कागदं मागायला लाजू नका.

नाव काय सांगतात यापेक्षा पाटीचं टोक बघा. गाभ्याचं लाकूड सोनेरी-तपकिरी असतं, हाताला किंचित तेलकट लागतं, कापलं की चामड्यासारखा वास येतो. कडेला पांढरट पट्टा दिसला तर ते बाहेरचं कच्चं लाकूड. त्यात भुंगा आणि उधई आधी शिरते. बाहेरच्या दारात हा पांढरा पट्टा अजिबात चालवून घेऊ नका. मिस्त्री म्हणेल, "आतल्या बाजूला घेतो, दिसणार नाही." उधईला दिसायची गरज नसते.

वाळलेलं आहे का, हे वजनावरून किंवा ठोकून सांगणारे पुष्कळ भेटतात. ओलावा मोजायचं छोटं यंत्र आता सहज मिळतं. पाटीच्या टोकाला नाही, मधोमध टोचून बघा. 10 ते 12 टक्के आलं तर घ्या. 18-20 आलं तर तो माल सावलीत, खाली चिपा देऊन, हवा खेळेल असा काही महिने रचून ठेवावा लागेल.

माप किती लागेल? साडेतीन फूट बाय सात फुटांच्या दाराला पाच बाय तीन इंचाची चौकट केली तर चौकटीला जवळपास 2 घनफूट आणि दीड इंची पल्ल्याला 3 घनफूट जातं. घट धरून 6 घनफुटांचा हिशोब करा. कुणी 9 सांगितलं तर उरलेल्याचं देवघर तुमच्याकडे होतंय की त्यांच्याकडे, हे विचारा.

चौकटीला साग परवडत नसेल तर बीजा किंवा साल चालतो. पल्ला मात्र सागाचाच करा. व्हिनियर लावलेला फ्लश दरवाजा घरातल्या खोल्यांना छान, पण पश्चिमेच्या उन्हात त्याचं व्हिनियर कडेनं उचकटतं. बजेट तेवढंच असेल तर पाण्याला टिकणाऱ्या ग्रेडचा फ्लश दरवाजा घ्या आणि त्याला पॉलिश न करता रंग द्या.

पल्ला बनवून घेताना एकच गोष्ट उभं राहून बघा. आडव्या पट्टीचं कुसू, म्हणजे तिची जीभ, उभ्या पट्टीच्या भोकात नीट बसून पाण्याला टिकणाऱ्या गोंदानं चिकटलेली असावी. पॅनेलला मात्र गोंदाचा थेंबही नको, खिळाही नको. ते खोबणीत मोकळं बसलं पाहिजे, दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलीमीटर जागा ठेवून. पॅनेल "हलतं" म्हणून चुका ठोकून घट्ट केलेली दारं पुढच्या उन्हाळ्यात मधोमध तडकतात. ते हलण्यासाठीच मोकळं ठेवलेलं असतं.

चौकट

काळ्या मातीवर, म्हणजे आपल्या कन्हारीवर घर असेल तर पहिले दोन-तीन पावसाळे चौकट थोडीफार हलणार, हे गृहीत धरा. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया कितीही चांगला असला तरी पायऱ्या आणि ओटा हलतात, आणि बऱ्याचदा चौकट त्यांनाच टेकलेली असते.

चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूला, जी पुढे कधीच दिसणार नाही, उधईचं औषध मारून वर प्रायमरचे किंवा डांबराचे दोन हात द्या. ही बाजू कोरी ठेवली की ओल्या प्लास्टरचं सगळं पाणी ती पिते. प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, लावा: वरून एक फूट, खालून एक फूट, आणि मध्ये एक. ते काँक्रीटमध्ये बसवा, नुसत्या सिमेंट-रेतीत नाही.

उभी करताना ओळंबा दोनदा धरायचा, एकदा समोरून आणि एकदा बाजूनं. बहुतेक मिस्त्री समोरून धरतात आणि बाजूचा विसरतात, मग दार अर्धं उघडून सोडलं की आपोआप बंद होतं. घरात भूत नसतं, चौकट भिंतीत पुढे झुकलेली असते. त्यानंतर दोन्ही कर्ण टेपनं मोजा. दोन मिलीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पाचर सरकवून पुन्हा. चौकटीच्या आत मध्यावर आणि खाली आडव्या पट्ट्या ठोकून ठेवा, नाहीतर काँक्रीट भरताना उभ्या बाजू आत दबतात. सात दिवस पाणी मारून झाल्याशिवाय त्या काढू नका.

चौकटीचे पाय जमिनीत गाडू नका. फरशीच्या वर, दगडाच्या तुकड्यावर टेकवा. पावसाचं आणि रोज सकाळी ओटा धुतल्याचं पाणी लाकडाच्या टोकातून वर चढतं, आणि चौकट खालच्या सहा इंचांतच कुजते. उंबरठा मी दगडी करायला सांगेन, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. ज्यांना लाकडीच हवा आहे त्यांची भावना मला कळते, आमच्या आईचंही तेच म्हणणं होतं. आम्ही दगडी उंबरठ्यावर सागाची जाड पट्टी स्क्रूनं बसवली. हळद-कुंकू तिच्यावर होतं, आणि खराब झाली की तेवढी पट्टी बदलता येते. सांडलेल्या हळदीचा डाग घासत बसू नका. हळदीचा पिवळा रंग उन्हानं आपोआप उडतो.

पल्ला टांगणं

इथे कॅलेंडर काढा. दीड इंची भरीव सागाचं मोठं दार 45-50 किलोंपर्यंत जातं, म्हणून पाच इंची स्टेनलेस स्टीलच्या चार बिजागऱ्या हव्यात. तीन पुरतात असं दुकानदार सांगेल. पुरतात, चार वर्षं. पहिली वरून सात इंचांवर, शेवटची खालून दहा इंचांवर. उरलेल्या दोघींपैकी एक वरच्या बिजागरीच्या खाली फूटभर अंतरावर द्या, कारण सगळा ओढा वरच असतो. चौथी मध्ये. बिजागरीचं घर पटाशीनं तिच्या जाडीइतकंच खोल करा. जास्त खोल गेलं तर दार बिजागरीच्या बाजूलाच अडतं आणि बंद होताना स्क्रू उपटतं.

सागात स्क्रू ठोकायचा नाही, आधी बारीक ड्रिलनं भोक पाडायचं. पितळी स्क्रू वापरणार असाल तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत-बाहेर करून वाट करून घ्या आणि पितळी स्क्रूला साबण लावा. पितळ मऊ असतं, डोकं तुटलं तर अर्धा दिवस जातो.

आता फट. बिजागरीकडे वर्षभर 2 मिलीमीटर चालते. कुलपाकडची फट महिन्यावर अवलंबून आहे. मे महिन्यात टांगत असाल तर 5 मिलीमीटर ठेवा. मालक "एवढी फट?" म्हणून नाक मुरडेल, मुरडू दे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 3 पुरे. भर पावसाळ्यात टांगायची वेळ आलीच तर 2, कारण दार आधीच फुगलेलं आहे. वर 3 आणि खाली उंबरठ्यापासून 6. चौकटीला अर्धा-पाऊण इंचाचा पताम असतो, म्हणजे पल्ला टेकायची खाच, त्यामुळे पाच मिलीमीटरची फट बाहेरून दिसतही नाही.

कुलपाची पट्टीही त्याच हिशोबानं लावा. भोक दोन मिलीमीटर मोठं ठेवलं की उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जीभ दोन्ही वेळा बसते. मॉर्टिस लॉकची खोबण पाडताना पल्ल्याच्या दोन्ही बाजूंना किमान 10-11 मिलीमीटर लाकूड उरलं पाहिजे. पातळ पल्ल्यात मोठं कुलूप घातलेली दारं चोराला खांद्याच्या एका धक्क्यात उघडतात.

दार टांगून, कुलूप बसवून, आठवडाभर वापरून बघा. मग पुन्हा काढा. हो, पुन्हा काढायचं. पॉलिश हे चौकटीतून काढलेल्या दारालाच करायचं असतं. उभ्या दाराला ब्रश मारला की वरची आणि खालची कड कोरी राहते, आणि पावसाचं पाणी तिथूनच आत जातं.

पॉलिश: सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात

माझं पहिलं दार मी मेलामाइननं करून घेतलं होतं. दिवाळीत आरशासारखं चमकत होतं, येणारा जाणारा तारीफ करत होता. पुढच्या होळीपर्यंत खालच्या पॅनेलवर पांढरे पापुद्रे सुटले, नखानं उचकटले की हातभर निघायचे. पॉलिशवाल्याची चूक एवढीच की त्यानं विचारलं नाही, आणि माझी एवढीच की मी सांगितलं नाही: दार बाहेरचं आहे आणि पश्चिमेला आहे.

मेलामाइन आणि लॅकर घरातल्या फर्निचरसाठी. लाखेचं पॉलिश, ज्याला आपण फ्रेंच पॉलिश म्हणतो, दिसायला सगळ्यात देखणं. लाख तर आपल्या शेजारची, गोंदियाकडे पळसावर होते. पण पाण्यानं ती पांढरी पडते, म्हणून तिला देव्हाऱ्यापुरतीच ठेवा. बाहेरच्या दाराला तीनच पर्याय उरतात.

पहिला, बाहेरच्या वापराचं दोन डब्यांचं पीयू (पॉलीयुरेथेन), ज्याच्या डब्यावर "एक्स्टिरियर" आणि अतिनील किरणांना रोखणारं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. दुसरा, तेल. म्हणजे पेंटर ज्याला बेलतेल म्हणतात ते उकळलेलं जवसाचं तेल. तिसरा, रंग.

टिकायच्या बाबतीत रंग सगळ्यात पुढे, कारण त्यातली पूड ऊन लाकडापर्यंत जाऊ देत नाही. पण सागाला रंग लावायला मराठी माणसाचा हात धजत नाही, माझाही नाही. पारदर्शक थराखाली ऊन लाकडापर्यंत पोचतं, लाकडाचे धागे धरून ठेवणारं द्रव्य तिथे मोडतं, आणि वरचा थर चांगला असूनही खालून सुटतो. म्हणून अगदी बिनरंगी पीयू घेऊ नका. हलका अक्रोडी किंवा मधासारखा तपकिरी रंग त्यात असू द्या. फार गडद मात्र नको, गडद दार मे महिन्याच्या दुपारी हात लावू देत नाही आणि लाकूड तितकंच जास्त आकसतं. चमक आणि मॅट यांत बाहेरच्या बाजूला चमक थोडी जास्त टिकते.

वेळ: दिवाळी ते होळी. ऑक्टोबरमध्ये पाऊस परततो, नोव्हेंबरपर्यंत हवा कोरडी होते, लाकूड मधल्या ओलाव्यावर येतं. डिसेंबरच्या सकाळी दहाच्या आधी ब्रश हातात घेऊ नका, थंडीत पीयू नीट पसरत नाही. मे महिन्यात तर अजिबात नको. तापलेल्या लाकडावर थर पसरायच्या आत सुकतो, फोड येतात, आणि ब्रशच्या रेघा कायमच्या राहतात. पावसाळ्यात केलं तर ओलावा आत कोंडून वर पांढुरकी झाक येते.

काम असं करा. दार सावलीत सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवा. 120 नंबरच्या पॉलिश पेपरनं रेषांच्या दिशेनं घासा, मग 180. त्यापुढे जाऊ नका, फार गुळगुळीत लाकडाला थर धरत नाही. कोपरे किंचित गोल करा. धारदार कोपऱ्यावर थर पातळ बसतो आणि फाटायची सुरुवात तिथूनच होते. भोकं भरायला खडूची लांबी, म्हणजे पुट्टी, नको, ती पहिल्याच उन्हाळ्यात उडते. त्याच दाराच्या लाकडाचा बारीक भुसा आणि पाण्याला टिकणारा गोंद एकत्र करून भरा.

मग भुसा झाडून, पांढऱ्या सुती फडक्यावर थिनर घेऊन सगळं पुसा. फडकं पिवळं-तपकिरी होईल. ते सागाचं तेल. फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. बरेच पॉलिशवाले ही पायरी गाळतात, आणि पापुद्रे निघाले की दोष कंपनीला देतात. पुसल्यावर त्याच दिवशी पहिला हात द्या, नाहीतर तेल पुन्हा वर येतं.

पीयूचे दोन भाग डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळा, अंदाजानं नाही, मापाच्या भांड्यानं. मिसळलेला माल काही तासांत घट्ट होतो, म्हणून लागेल तेवढाच करा आणि मलमलीतून गाळून घ्या. सीलरचे, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या खालच्या थराचे, दोन हात, प्रत्येकानंतर रात्रभर वाळू द्या आणि 320 नंबरनं हलकं घासा. मग वरचे तीन हात, पातळ. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात नेहमी भारी. वरच्या आणि खालच्या कडांना एक जादा. कुलपाच्या खोबणीत आणि बिजागरीच्या घरातही ब्रश फिरवा. तोंडाला साधा रुमाल नको, रसायनांचा मास्क लावा. पीयूच्या हार्डनरची वाफ छातीला बाधते. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास गॅस पेटवू नका.

बेलतेलाची गोष्ट वेगळी. जुन्या वाड्यांची दारं वर्षानुवर्षं याच तेलावर जगली. तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं करून फडक्यानं लावायचं, वीस मिनिटांनी न मुरलेलं सगळं पुसून काढायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे तीन-चार हात. तेल सोलत नाही, म्हणून पुढची डागडुजी सोपी: पुसा आणि पुन्हा लावा. पण वर्षातून दोनदा लावावं लागतं आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरू शकते. पूर्वेचं दार, वर मोठा छज्जा आणि हौस असेल तर तेलच करा. एक गोष्ट मात्र जिवाची आहे. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा स्वतःहून पेट घेऊ शकतो. फडकी दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका.

पुढची वर्षं

मृग लागायच्या आधी एकदा शिडी लावून दाराची वरची कड बघा, आणि चौकट व भिंत यांच्यामधली भेग सिलिकॉननं बंद करा. उन्हाळ्यात ती रुंद झालेली असते, म्हणून भरायची योग्य वेळ तीच. चौकटीच्या पायाशी मातीची बारीक नळी वर चढताना दिसली तर उधई आली असं समजा. नळी नुसती पुसून टाकली तर ती दुसरीकडून चढते. फरशीच्या सांध्यात ड्रिल करून औषध सोडणाऱ्या माणसालाच बोलवा. पीठासारखी पावडर खाली पडत असेल तर तो भुंगा. बारीक भोकांत सिरिंजनं औषध द्यावं लागतं.

श्रावणात दार अडकायला लागलं की रंध्याच्या आधी फट बघा. कुलपाकडे वरपासून खालपर्यंत सारखीच अडत असेल तर लाकूड फुगलंय. घासलेल्या जागेवर मेणबत्ती घासा आणि कार्तिकापर्यंत थांबा. फट वर निमुळती आणि खाली रुंद अशी पाचरीसारखी असेल तर दोष लाकडाचा नाही. एक तर वरची बिजागरी सैल झालीय, किंवा चौकट हललीय. पल्ल्याची मूठ धरून वर उचलून बघा. खडखडला तर बिजागरी. तिचे स्क्रू काढा, भोकात फेव्हिकॉल लावलेल्या सागाच्या काड्या ठोका, वाळल्यावर नवीन भोक पाडून तीन इंची स्क्रू घाला. खडखडला नाही तर चौकटीचे कर्ण मोजा.

दिवाळीनंतर ओल्या फडक्यानं दार पुसा आणि खालच्या पॅनेलवर पाण्याचे दोन थेंब टाका. मोत्यासारखे उभे राहिले तर यंदा सुट्टी. एका मिनिटात मुरून लाकूड काळपट झालं तर 320 नंबरनं घासून एक हात द्या. पश्चिमेच्या दाराला दोन वर्षांत, पूर्वेच्या दाराला चार-पाच वर्षांत ही वेळ येते. पापुद्रे निघेपर्यंत थांबलात तर सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागतं, आणि खर्च चौपट होतो. दुर्लक्षानं राखाडी पडलेला सागही वाचतो. एक लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल विरघळवून, हातमोजे आणि चष्मा घालून लावा, वीस मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुवा, आठवडाभर सावलीत वाळू द्या. खालून पुन्हा सोनेरी लाकूड निघतं. आम्ल विषारी आहे, लहान मुलं आणि गाई-कुत्री लांब ठेवा.

आणि ते तोरण. गुढीपाडवा, दसरा, वास्तू, लग्न, दर वेळी चौकटीच्या माथ्यावर नवा खिळा. आमच्या जुन्या चौकटीत मी सतरा मोजले होते, प्रत्येकाभोवती गंजाचा काळा डाग आणि दोघांमधून गेलेली भेग. नव्या चौकटीत पॉलिशच्या आधीच दोन पितळी हूक बसवून घेतले, भोकात सीलर भरून. दसऱ्याला सुतारकाका आपट्याची पानं द्यायला आले, तेव्हा तोरणाकडे न बघता आधी हूक हलवून पाहिले. मग दार दोनदा उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "आता बसलं बरोबर. अन् पुढच्या पोळ्याले अडकलं, तं मले फोन नको करू, मेणबत्ती घास."